शेवटची चोरी, कलाटण्यांवर कलाटण्या आणि दुभंगलेला प्रेक्षक

प्रश्न असा आहे: अमेरिकी लेखक-दिग्दर्शक डेव्हिड मॅमेट यांच्या २००१ सालच्या ‘हाइस्ट’ या चित्रपटाबद्दल प्रेक्षकांची मतं वाचली की डोकं गरगरतं. एक म्हणतो, इतका हुशार दरोडापट कित्येक वर्षांत पाहिला नाही. दुसरा म्हणतो, तिसऱ्या कलाटणीनंतर कोण कुणाला फसवतंय याच्याशी मला घेणंदेणंच उरलं नाही. संवाद कुणाला चटकदार वाटतात, कुणाला पुस्तकी. शेवटावर तर हाणामारीच. मग खरं कुणाचं मानायचं?

गुन्हेपटांच्या पटकथा लिहिणं आणि इतरांच्या पटकथा दुरुस्त करणं हे माझं काम. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. ‘ही शेवटची चोरी’ हे एक आश्वासन असतं आणि ‘तुम्हाला सतत चकवत राहू’ हे दुसरं. ही दोन आश्वासनं एकमेकांच्या मुळावर उठतात. ‘हाइस्ट’ने दोन्ही दिली आहेत. प्रेक्षक थिएटरात बसताना यातलं कुठलं धरून बसला, यावर त्याचं मत ठरतं. पुढे शेवटही उघड करणार आहे, ज्यांना नको त्यांनी इथेच थांबावं.

कथा थोडक्यात. ज्यो मूर (जीन हॅकमन) हा मुरलेला चोर. सुरुवातीलाच एका दागिन्यांच्या दुकानावर दरोडा घालताना त्याचा चेहरा कॅमेऱ्यात टिपला जातो. या धंद्यात चेहरा उघडा पडला की कारभार आटोपला. त्याच्याकडे बोट आहे, बायको फ्रॅन (रिबेका पिजन) आहे, आणि आता फक्त निघून जायचं आहे. पण माल खपवणारा मिकी बर्गमन (डॅनी डिव्हिटो) झाल्या कामाचे पैसे अडवून ठेवतो. आधी स्विस विमानातलं सोनं उडवा, मग हिशोब करू. वर आपल्या नात्यातला पोरगा जिमी (सॅम रॉकवेल) टोळीत घुसवतो. बॉबी (डेलरॉय लिंडो) आणि पिंकी (रिकी जे) हे ज्योचे जुने साथीदार.

आता पहिलं आश्वासन पाहू. ‘शेवटची’ हा शब्द पटकथेत फुकट येत नाही. तो आला की प्रेक्षकाला तीन गोष्टी एकदम कळतात. या माणसाला यातून बाहेर पडायचंय. बाहेर त्याची वाट पाहणारं काहीतरी आहे. आणि हे काम फसलं तर पुन्हा संधी नाही. पात्राची दहा पानांची पूर्वकथा लिहून जे साधत नाही, ते या एका गोष्टीने साधतं. म्हणून तर लेखक पिढ्यानपिढ्या तिच्याकडे वळतात. मात्र तिची किंमत अशी की प्रेक्षक त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसतो. त्याच्या सुटकेत त्याचा जीव अडकतो. ‘हाइस्ट’मधली बोट हे त्या सुटकेचं दिसणारं, हाताला लागणारं रूप आहे. ज्योला जगण्यात नेमकं काय हवंय हे मॅमेटना संवादातून सांगावंच लागत नाही.

दुसरं आश्वासन याच्या बरोबर उलट वागायला लावतं. चकवायचं असेल तर लेखकाला प्रेक्षकापासून काहीतरी लपवावं लागतं, आणि ते नायकाला माहीत असतं. म्हणजे शेजारी बसलेल्या प्रेक्षकाला नायकाच्या मनातून बाहेर काढावं लागतं. एकदा काढलं तर तो हसून माफ करतो. दोनदा काढलं तर सावध होतो. त्यानंतर तो नायकाच्या बाजूने बघणं सोडतो आणि लेखकाच्या विरुद्ध खेळायला लागतो: आता ही कुठली खोच असेल? ‘तिसऱ्या कलाटणीनंतर मला फिकीर उरली नाही’ असं लिहिणाऱ्या माणसाने नेमकं हेच नोंदवलंय. तो मठ्ठ नाही, त्याचं लक्षही उडालेलं नाही. पहिल्या आश्वासनावर विसंबून आलेला प्रेक्षक आहे तो.

याच चित्रपटाला डोक्यावर घेणारे दुसऱ्या आश्वासनासाठी आलेले असतात, आणि मॅमेट हे नाव माहीत असेल तर ते साहजिकच आहे. ‘हाउस ऑफ गेम्स’ (१९८७) आणि ‘द स्पॅनिश प्रिझनर’ (१९९७) हे त्यांचे आधीचे चित्रपट पूर्णपणे गंडवागंडवीवर उभे आहेत. त्या दोन्हींत आणि ‘हाइस्ट’मध्येही दिसणारे रिकी जे हे पत्त्यांच्या हातचलाखीतले जगन्मान्य जादूगार. त्यांचा रंगमंचावरचा गाजलेला प्रयोग मॅमेट यांनीच दिग्दर्शित केला होता. जादूगाराच्या प्रयोगाला आपण जातो तेव्हा त्याच्या भवितव्याची काळजी करायला जात नाही. आपल्या डोळ्यांदेखत पत्ता कसा नाहीसा झाला, यातच मजा असते. ही बैठक घेऊन ‘हाइस्ट’ पाहणाऱ्याला प्रत्येक धक्का बक्षीस वाटतो.

इथपर्यंतचं उत्तर कुणीही विचारी प्रेक्षक देऊ शकेल. आता थोडं कारागिरीच्या आत जाऊ, कारण ‘ट्विस्ट फार आहेत’ ही तक्रार मला अर्धवट वाटते. ट्विस्ट मोजून काही कळत नाही. ते कशाबद्दलचे आहेत हे पाहायला हवं.

दरोडापटात दोन जातींच्या कलाटण्या असतात. पहिली मालाची: सोनं जिथे आहे असं वाटलं तिथे नाही, पेटी रिकामी, गाडी भलतीच. दुसरी माणसांची: जो आपला वाटत होता तो परक्याचा निघाला. मालाच्या कलाटण्या स्वस्त असतात. पाठोपाठ चार आल्या तरी प्रेक्षक मनातल्या नकाशावर खूण इकडची तिकडे करतो आणि पुढे जातो, उलट त्याला गंमत येते. माणसांच्या कलाटण्या महाग असतात. प्रत्येक वेळी त्या आधीच्या सगळ्या प्रसंगांचा अर्थ बदलायला लावतात. तो प्रेमाने बोलला होता ते खोटं होतं का? ती चिडली होती ती खरी का? एका चित्रपटाला अशी एक परवडते, लेखक तगडा असेल तर दोन. त्यापुढे प्रेक्षक कुठल्याच प्रसंगावर विश्वास ठेवत नाही, आणि विश्वास नसला की धक्का बसायला काही उरत नाही.

‘हाइस्ट’मध्ये मालाची लपवाछपवी अव्वल आहे. जिमीला आणि बर्गमनला ठाऊक असलेला बेत एक, प्रत्यक्षातला दुसरा, आणि सोनं कुठल्या रूपात कुठे आहे याचा पत्ता आपल्यालाही टप्प्याटप्प्याने लागतो. तक्रार येते ती फ्रॅनवरून. जिमीची नजर तिच्यावर आहे, ती त्याच्या जवळ जाते, आणि हे ज्योच्या बेताचा भाग म्हणून की तिच्या मनानं, हे धूसर ठेवलंय. शेवटी ती जिमीबरोबर निघून जाते. त्यांच्या हाती लागलेलं सोनं खरं नसतं, खरा माल ज्योकडेच राहतो.

या शेवटावर सर्वांत जास्त वाद होतात. काहींच्या मते ज्योला ती जाणार हे आधीपासून माहीत होतं. काहींच्या मते त्याने फक्त खबरदारी घेतली होती आणि ती न गेली तर बरं, असं त्याला वाटत होतं. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. मुरलेला माणूस बायकोवर प्रेम करतो आणि तरीही सोनं तिच्या हाती देत नाही, ही चित्रपटातली सगळ्यात खरी गोष्ट मला वाटते. ही एकच कलाटणी अशी आहे जी मालाची आणि माणसाची दोन्ही आहे. त्याने बाजी मारली, आणि ज्या सुटकेसाठी मारली ती अर्धी झाली. इथे दोन्ही आश्वासनं एका जागी येतात. पण मॅमेट तिथे रेंगाळत नाहीत. हॅकमनच्या चेहऱ्यावर जे येतं तेवढंच, मग चित्रपट संपतो. पहिल्या आश्वासनावर आलेल्या प्रेक्षकाला इथे आणखी एक मिनिट हवं होतं. संकलनाच्या टेबलावर मी असतो तर त्या मिनिटासाठी भांडलो असतो. हरलोही असतो बहुधा, कारण कोरडेपणा हा मॅमेट यांचा स्वभावच आहे.

पिंकीच्या मृत्यूचं मात्र समर्थन करता येत नाही. टोळीतला सगळ्यात लोभस माणूस मारला जातो आणि कथा त्याच्यासाठी थांबत नाही. ‘पात्रांविषयी काही वाटत नाही’ असं लिहिणाऱ्यांना बऱ्याचदा ही जागा आठवत नसते, पण त्यांचं मन तिथेच उठलेलं असतं. प्रदर्शनाआधी निवडक प्रेक्षकांना चित्रपट दाखवतात, त्या चाचणी खेळांमध्ये हे वारंवार दिसतं. प्रेक्षक ज्या प्रसंगाबद्दल तक्रार करतो तो प्रसंग क्वचितच दोषी असतो. दोष दहा-पंधरा मिनिटं आधी असतो. त्याला फक्त जाणवतं की आपण बाहेर पडलोय, कुठल्या दाराने पडलो ते नाही. म्हणून ‘शेवट फसला’ अशी चिठ्ठी आली की आम्ही शेवट उघडत नाही, मधला भाग उघडतो.

मग कलाटणी प्रामाणिक आहे की फसवी, हे प्रेक्षकाने ओळखायचं कसं? माझी एक साधी कसोटी आहे. ज्या पात्राने गुपित लपवलंय, ते पात्र एकटं असताना काय करतं ते पाहा. दुसऱ्यांसमोर त्याने नाटक केलं तर तो त्याचा धंदाच आहे. पण खोलीत कुणी नसताना ते दचकलं, घाबरलं, हताश झालं, आणि नंतर कळलं की सगळं त्याच्याच बेतानुसार चाललं होतं, तर मग ते नाटक कुणासाठी होतं? फक्त आपल्यासाठी. म्हणजे पात्राने पात्राला नाही, लेखकाने प्रेक्षकाला फसवलं. या कसोटीवर अनेक गाजलेले शेवट कोसळतात. ‘हाइस्ट’ बऱ्याच अंशी तरतो, कारण त्यातली माणसं जवळजवळ कायम कुणाच्या तरी समोर असतात, आणि जो पाहतोय त्यालाच ऐकवण्यासाठी बोलतात. दुसऱ्यांदा पाहताना बोलणाऱ्याकडे बघू नका, तो कुणाच्या देखत बोलतोय ते बघा. निम्मी कोडी तिथेच सुटतात.

अशा चित्रपटांचा एक अलिखित नियमही इथे सांगायला हवा. पडद्यावर जो बेत आधी सविस्तर समजावून सांगितला जातो तो फसतो, आणि जो आपल्यापासून लपवला जातो तो यशस्वी होतो. कारण सोपं आहे. सांगितलेला बेत जसाच्या तसा पार पडला तर तीच गोष्ट दोनदा दाखवल्यासारखं होईल. आजचा प्रेक्षक हे नकळत शिकलाय. टेबलावर नकाशा पसरला की त्याला कळतं, हे आता बोंबलणार. म्हणूनच लेखक कलाटण्या वाढवत जातो, प्रेक्षक आणखी सावध होत जातो, आणि ही शर्यत थांबत नाही.

पूर्वी असं नव्हतं. हॉलिवूडमध्ये १९३४पासून कडकपणे राबवली गेलेली निर्मिती आचारसंहिता गुन्हेगाराला फायदा होऊ देत नसे. चोरी फसणार हे तिकीट काढतानाच ठरलेलं. ‘द किलिंग’मध्ये (१९५६) दरोड्याचे पैसे अखेरीस विमानतळाच्या वाऱ्यावर उडून जातात. फसणार हे माहीत असल्यामुळे उत्सुकता ‘कसं’ याची होती, आणि लेखक सगळी ताकद कामाच्या बारकाव्यांवर लावत. फ्रान्समध्ये बनलेल्या ‘रिफिफी’ला (१९५५) ही आचारसंहिता लागू नव्हती, तरी त्यातही चोर सुखरूप सुटत नाहीत, आणि त्यातला सुमारे अर्ध्या तासाचा दरोडा एकाही संवादाशिवाय, संगीताशिवाय चालतो. १९६८मध्ये अमेरिकेत आचारसंहिता जाऊन प्रेक्षकांच्या वयानुसार चित्रपटांना श्रेणी देण्याची पद्धत आली. आता चोर सुटूही शकत होता, म्हणून ‘माल शेवटी कुणाचा’ हा प्रश्न खुला झाला. १९७३च्या ‘द स्टिंग’ने पात्रांबरोबर प्रेक्षकालाही गंडवून दाखवलं आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नेलं. त्यानंतर प्रत्येकालाच तो डाव खेळायचा होता.

२००१ साल तर या प्रकाराचं पीक होतं. जुलैत ‘द स्कोअर’ आला, त्यातही नायकाची अखेरची चोरी. नोव्हेंबरात ‘हाइस्ट’, डिसेंबरात ‘ओशन्स इलेव्हन’. तिघांची तुलना केली की मघाचा मुद्दा स्पष्ट होतो. ‘द स्कोअर’ने मुख्य फसवणूक एकच ठेवली आणि बाकी वेळ तिजोरीच्या कामाला दिला. ‘ओशन्स इलेव्हन’ने बेतातला मोठा भाग लपवला, पण शेवटी मागे जाऊन नीट उलगडून दाखवला: तिजोरीची हुबेहूब प्रतिकृती, पोलिसांच्या वेशात आलेली टोळीचीच माणसं. शिवाय त्या टोळीत कुणी कुणाचा विश्वासघात करत नाही. सगळी लपवाछपवी मालाची, माणसांची एकही नाही. त्यामुळे प्रेक्षक बाहेर पडताना खूश. ‘हाइस्ट’ने विश्वासघातही केले आणि उलगडाही करून दिला नाही. निष्ठा आणि उलगडा दोन्ही न पुरवण्याची ही हिंमत मला आवडते, पण त्याची किंमत तिकीटबारीवर मोजावी लागते आणि ती मोजली गेलीच.

उलट्या टोकाचं उदाहरण आपल्याकडे आहे. श्रीराम राघवन यांच्या ‘जॉनी गद्दार’मध्ये (२००७) गद्दार कोण हे प्रेक्षकाला लवकरच दाखवून टाकलंय. गुपित फोडलं, आणि तरीही खुर्चीत अस्वस्थ व्हायला होतं, कारण आता आपण लेखकाशी खेळत नाही, त्या गद्दाराच्या शेजारी अडकून पडलेले असतो. पटकथा घेऊन येणाऱ्या नवीन लेखकांना मी सांगतो: शेवटच्या दहा पानांतला तुमचा धक्का उचलून मध्यंतराआधी ठेवून बघा. बऱ्याचदा पटकथा सुधारते. लेखक नाराज होतो, ते वेगळं.

संवादांबद्दल फार बोलायला नको. मॅमेट मूळचे नाटककार, ‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’साठी १९८४चं पुलित्झर मिळालेले. तुटक वाक्यं, तीच शब्दरचना घोळवणं, प्रश्नाला प्रश्नाने उत्तर, आणि नटाने त्यावर स्वतःच्या भावना न चढवणं हा त्यांचा आग्रह. हॅकमन आणि लिंडो हे बोलणं इतकं सहज बोलतात की ते लिहिलेलं वाटत नाही. पिजन यांच्या तोंडी तेच सपाट वाटतं अशी तक्रार नेहमी वाचायला मिळते. त्यात तथ्य आहे, पण फ्रॅनचं मन शेवटपर्यंत वाचता येऊ नये यासाठी तोच सपाटपणा उपयोगी पडतो. धक्क्याच्या सोयीसाठी पात्राची ऊब गेली. इथेही पुन्हा तोच सौदा.

बंदरावरच्या गोळीबाराबद्दल मात्र टीकाकारांच्या बाजूने मी पूर्ण उभा आहे. बुद्धीने गुंफलेली गाठ बंदुकीने तोडली आहे. दीड तास ही माणसं आवाज न करता पुढचा विचार करतात म्हणून आपण त्यांना मानतो, आणि अखेरीस कोण आधी गोळी झाडतो यावर निकाल लागतो. अनेकांना पुरेशा स्पष्टपणे मांडता न आलेली नाराजी मुळात या जागेची असावी.

आता राहिला प्रश्न, मतं वाचायची कशी. सरासरी गुणांवर विसंबू नका. अर्ध्या लोकांनी दहापैकी नऊ दिले आणि अर्ध्यांनी चार, तर सरासरी साडेसहा येते, आणि चित्रपट ‘बरा’ आहे असा समज होतो. प्रत्यक्षात तो एकालाही ‘बरा’ वाटलेला नसतो. आयएमडीबीवर गुणांची विभागणी पाहता येते, ती उघडून बघा. रॉटन टोमॅटोजवरची टक्केवारी तर गुणच नव्हेत. किती टक्के परीक्षणं अनुकूल आहेत तेवढं ती सांगते, किती अनुकूल ते नाही. सिनेमास्कोअरची श्रेणी प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी थिएटरात आलेल्या लोकांना विचारून काढतात, म्हणजे जाहिरात पाहून आलेले लोक. दरोडापटाची जाहिरात स्फोट आणि पाठलाग दाखवते, मग कोरडा, बोलका चित्रपट पाहून हेच लोक सर्वांत आधी चिडतात. वर्षांनंतर दिग्दर्शकाचं नाव शोधत आलेला प्रेक्षक वेगळाच असतो.

त्यापेक्षा एकेका माणसाचं लिखाण वाचा आणि तो कशावर चिडलाय ते बघा. ‘काहीच कळलं नाही’ म्हणणाऱ्याची अडचण मालाच्या हिशोबात आहे, ती दुसऱ्यांदा पाहून सुटते. ‘कळलं, पण काही वाटलं नाही’ म्हणणाऱ्याची अडचण माणसांच्या हिशोबात आहे, आणि ती कितीदाही पाहून सुटणार नाही. तुमचा स्वभाव या दुसऱ्यासारखा असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवा, चित्रपटाचा कितीही उदोउदो चालला तरी.

शेवट आधीच कळल्याने मजा जाते का, हेही बरेच जण विचारतात. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०११मध्ये झालेल्या एका अभ्यासात ज्यांना शेवट आधी सांगितला होता त्यांना कथा अधिक आवडल्या, कलाटणीच्या कथासुद्धा. त्या लघुकथा होत्या, चित्रपट नव्हे, तेव्हा तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण ‘हाइस्ट’पुरतं माझं उत्तर ठाम आहे: फ्रॅन जाणार हे ठाऊक असताना तिचे आणि ज्योचे सुरुवातीचे प्रसंग पाहिले, तर पहिल्या वेळी निव्वळ कामाचं वाटलेलं बोलणं नवराबायकोचं बोलणं वाटू लागतं.